हस्तलिखित आणि तुरुंगाचे फाटक

6 सप्टेंबर 1965 रोजी भारतीय सैन्याने पंजाबात सीमा ओलांडली आणि लाहोरच्या दिशेने चढाई सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारचे एक अपील फेटाळून लावले. सगळ्या देशाचे कान रेडिओला लागलेले असताना या निकालाकडे कोणाचे लक्ष जाणार? खटल्याचा विषयही तसा किरकोळ वाटावा असाच होता. मुंबईच्या जिल्हा तुरुंगात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी आत बसून मराठीत एक पुस्तक लिहिले होते. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. पुस्तक लिहायला सरकारची परवानगी होती. ते लिहून झाल्यावर हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्यावे, एवढीच संझगिरींची मागणी होती. सरकारने नाही म्हटले. मग त्यांनी तुरुंग अधीक्षकांना विचारले, त्यांचेही उत्तर तेच. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या निकालाविरुद्ध महाराष्ट्र सरकार थेट दिल्लीपर्यंत गेले. मूलकणांचे विज्ञान मराठी वाचकाला समजावून सांगणारे पुस्तक तुरुंगाच्या फाटकाबाहेर पडू नये, म्हणून राज्याने देशातल्या सर्वोच्च न्यायासनासमोर युक्तिवाद केला. त्या युक्तिवादाला न्या. के. सुब्बाराव यांनी जे उत्तर दिले, त्यात भारतातल्या कैद्याच्या घटनात्मक हक्काचे बीज आहे असे माझे मत आहे. पुढच्या साठ वर्षांत हा हक्क अनेकदा बोलला गेला, गोठवला गेला, पुन्हा जिवंत झाला. प्रत्येक वेळी त्याचे भवितव्य एकाच प्रश्नावर ठरले: एखादा कागद तुरुंगाच्या फाटकातून आत किंवा बाहेर जाऊ शकतो की नाही.

तुरुंगात लिहिणे मराठी माणसाला नवे नाही. लोकमान्य टिळकांनी 1910-11च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. 1914 मध्ये त्यांची सुटका झाली, पण त्या वह्या सरकारने लगेच दिल्या नाहीत. त्या काही काळाने परत मिळाल्या आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून झाला. सावरकरांनी अंदमानच्या कोठडीत भिंतीच कागदासारख्या वापरल्या. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पण या अभिमानाच्या भरात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. यांतले प्रत्येक पुस्तक कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने जगले. टिळकांच्या वह्या परत आल्या, कारण सरकारने त्या परत करायचे ठरवले. सरकारने त्या जाळल्या असत्या, तर टिळकांना कोणत्या न्यायालयात दाद मागता आली असती? साम्राज्याच्या तुरुंगात कैद्याला जे काही मिळे ते सवलत म्हणून मिळे आणि ती काढून घेण्यासाठी कारण द्यावे लागत नसे. संझगिरी ज्या तुरुंगात बसले होते, तो संविधान लागू झालेल्या देशातला तुरुंग होता. सवलत आणि हक्क यांतला फरक न्यायालयात कसाला लावण्याची वेळ त्यांच्या हस्तलिखिताने आणली.

महाराष्ट्र सरकारचा युक्तिवाद नीट पाहण्याजोगा आहे, कारण आजही तुरुंगाच्या कार्यालयांत तो कानावर पडतो. सरकारचे म्हणणे असे होते की, स्थानबद्ध झाल्याबरोबर माणसाचे स्वातंत्र्य संपते. त्यानंतर त्याला जे काही करता येते ते 1951च्या मुंबई स्थानबद्धता अटी आदेशाने दिलेल्या सवलतींपुरते. त्या आदेशात पत्रे लिहिण्याबद्दल, भेटींबद्दल, इतर काही गोष्टींबद्दल तरतुदी आहेत, पण पुस्तक छापायला पाठवण्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून तो हक्क नाही. न्या. सुब्बाराव यांनी हा युक्तिवाद मुळासकट उलटा केला. त्या अटी स्थानबद्धाला काही देत नाहीत, त्याच्याकडून काही काढून घेतात. त्या निर्बंध आहेत, दाने नव्हेत. जे निर्बंधात बसत नाही ते त्याच्यापाशीच राहते. सरकारचे म्हणणे मान्य केले, तर अटींमध्ये अन्नाचा उल्लेख नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारणेही कायदेशीर ठरेल, असे त्यांनी दाखवून दिले. निकालातला हा भाग कायद्याच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा उद्धृत होतो, आणि ते रास्तच आहे. पुस्तकाची विषयसूची पाहून उच्च न्यायालयाने ते निव्वळ शास्त्रीय असल्याचे म्हटले होते, देशाच्या संरक्षणाला त्यातून कसलाही धोका नव्हता. तेव्हा हस्तलिखित अडवणे म्हणजे नियमाबाहेर जाऊन माणसाचे स्वातंत्र्य हिरावणे ठरले. पुढे संझगिरी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आणि कामगार चळवळीचे महाराष्ट्रातले ज्येष्ठ नेते म्हणून ओळखले गेले. पण कायद्याच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते या हस्तलिखितामुळे.

या निकालाचे मोल त्याच्या वेळेत आहे. 1962च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणी जाहीर झाली होती. राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 21 आणि 22च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्कही थांबवला होता. दोनच वर्षांपूर्वी मखनसिंग खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्या आदेशाची व्याप्ती ठरवून दिली होती, आणि संझगिरींचा निकाल आला तेव्हा गजेंद्रगडकरच देशाचे सरन्यायाधीश होते. त्यामुळे राज्याला सहज म्हणता आले की, ज्या हक्काची दारे बंद आहेत त्यासाठी हा माणूस न्यायालयात उभाच राहू शकत नाही. न्यायालयाने उत्तर दिले की, राष्ट्रपतींचा आदेश भारत संरक्षण कायद्याखाली व नियमांखाली घातलेल्या निर्बंधांपुरता आहे. जो निर्बंध त्या नियमांत नाहीच, त्याला त्या आदेशाची ढाल वापरता येणार नाही. इथे निकालाची मर्यादाही स्पष्ट दिसते. उद्या सरकारने ‘पुस्तक छापायला पाठवू नये’ असा नियम लिहून काढला असता तर? न्यायालयाने त्या प्रश्नाला पूर्ण उत्तर दिले नाही, आणि काही अभ्यासक म्हणतात की हा निकाल मूलभूत हक्काचा नसून नियमांच्या अर्थाचा आहे. त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. पुराव्याचे ओझे कोणावर, हे एकदा ठरले की लढाईचे मैदानच बदलते. 1965 पूर्वी कैद्याला विचारले जाई, ‘तुला हा अधिकार कोणी दिला?’ 1965 नंतर तुरुंगाला विचारता येऊ लागले, ‘तुम्हाला हे काढून घेण्याचा अधिकार कोणी दिला?’ पुढच्या दशकांतले सगळे महत्त्वाचे निकाल या दुसऱ्या प्रश्नाचीच वेगवेगळी रूपे आहेत.

तीन वर्षांनी आणखी एका मराठी माणसाच्या कागदाने हा प्रश्न विचारला. मधू लिमये पुण्यात जन्मले, पण त्यांचे राजकारण बिहारपर्यंत पसरलेले होते. 6 नोव्हेंबर 1968 रोजी मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. ते तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. अटकेची कारणे त्यांना सांगितली गेली नाहीत. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. अटक झाली आहे, कारण कळवलेले नाही, हे अनुच्छेद 22चे उल्लंघन आहे, असे त्यात होते. रीतसर याचिकेचा नमुना नव्हता, पण न्यायालयाने त्या पत्राची अनुच्छेद 32 खाली दखल घेतली. सरकारने म्हटले की नंतर दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिली आहे, तेव्हा आधीचा दोष धुऊन निघाला. न्यायालयाने ते मान्य केले नाही. अटकेच्या क्षणी संविधानाने मागितलेली गोष्ट नंतरच्या एखाद्या यांत्रिक आदेशाने भरून निघत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांना सोडण्याचा आदेश दिला. कोठडीतून निघालेल्या साध्या पत्राला न्यायालय याचिका मानते, ही गोष्ट पुढच्या दशकाच्या अखेरीस क्रांती म्हणून नावाजली गेली. तिची सुरुवात मात्र लखीसरायच्या या पत्रातच पाहायला हवी.

लिमये यांचे नाव इथे पुन्हा येणे अटळ आहे, कारण 1975च्या आणीबाणीत त्यांना मध्य प्रदेशात रायपूरला अटक झाली. आणीबाणीतला बराच काळ ते माळव्यातल्या नरसिंहगडच्या तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवल्याच्या निषेधार्थ त्यांनी आणि शरद यादव यांनी 1976 मध्ये सदस्यत्वाचे राजीनामे दिले. राजीनाम्याचा कागद तुरुंगाबाहेर गेला. स्वातंत्र्याचा कागद मात्र आत येऊ शकला नाही. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडलेल्यांच्या याचिका ऐकता येतात, असे देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते, त्यांत मध्य प्रदेशचे होते आणि मुंबईचेही. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी त्या सगळ्या उच्च न्यायालयांना चूक ठरवले. पाचपैकी चार न्यायमूर्ती एका बाजूला होते आणि न्या. हंसराज खन्ना एकटे दुसऱ्या. बहुमतात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते, आणि मराठी वाचकाला याची खंत वाटणे स्वाभाविक आहे, कारण दोनच वर्षांपूर्वी, 1974 मध्ये, विशाखापट्टणमच्या नक्षलवादी कैद्यांच्या खटल्यात याच न्यायमूर्तींनी लिहिले होते की शिक्षा झाल्यामुळे माणूस आपले सगळे मूलभूत हक्क गमावत नाही. जानेवारी 1977 मध्ये भानुदास कृष्ण गवडे खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. स्थानबद्धतेच्या अटींविरुद्धही न्यायालयात येता येणार नाही, असे त्याने सांगितले. संझगिरींच्या निकालाने उघडलेली खिडकी बाहेरून खिळे ठोकून बंद करावी, तसे हे झाले.

इथे एक जड आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. आक्षेप असा की, संकट आल्याबरोबर जो हक्क विरघळतो त्याला हक्क म्हणावे का? शांत काळात न्यायमूर्तींनी उदार वाक्ये लिहायची आणि वादळात राज्याच्या मागे उभे राहायचे, तर कैद्याच्या हाती उरते काय? या आक्षेपात सत्य आहे. 1976चा निकाल न्यायसंस्थेच्या इतिहासातला काळा डाग आहे आणि त्याला सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. तरीही पुढे काय घडले ते पाहायला हवे. 1978च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवून टाकले की अनुच्छेद 20 आणि 21 आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत. ही दुरुस्ती संसदेने केली आणि ती करणाऱ्या संसदेत नुकतेच तुरुंगातून सुटून आलेले अनेक लोक बसले होते. न्यायालयाने स्वतःची चूक लेखी दुरुस्त करायला मात्र 24 ऑगस्ट 2017 उजाडावे लागले. पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द झाला, आणि तो रद्द करणारे मुख्य निकालपत्र चंद्रचूड यांच्या पुत्राने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. तेव्हा विरघळलेला हक्क पुन्हा घट्ट करता येतो. पण ते आपोआप होत नाही. ज्यांनी आतून लिहिले आणि बाहेर त्याची आठवण ठेवली, त्यांच्यामुळे ते झाले.

आणीबाणीनंतरची पहिली महत्त्वाची कथा पुन्हा महाराष्ट्रातली आहे, आणि पुन्हा एका कागदाची. माधव हयवदनराव होस्कोट या प्राध्यापकाला बनावट पदवीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1973 मध्ये तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर, ते सर्वोच्च न्यायालयात आले. उशीर का, तर निकालाची प्रत मिळालीच नाही असे त्यांचे म्हणणे. तपासात दिसले की उच्च न्यायालयाने प्रत वेळेवर येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. अधीक्षक म्हणाले, आम्ही ती कैद्याला दिली होती, राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी नंतर परत घेतली. कैदी म्हणाला, मला दिलीच नाही. पोच कोणाकडेच नव्हती. एका सहीच्या अभावी चार वर्षे आणि अपिलाचा हक्क वाहून गेला होता, आणि खरे कोण बोलतो हे ठरवायला काही साधनच उरले नव्हते. 17 ऑगस्ट 1978 रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी होस्कोट यांची याचिका फेटाळली, पण देशभरच्या तुरुंगांना आदेश दिला: निकालाची मोफत प्रत कैद्याच्या हातात वेळेवर पोचली पाहिजे, त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, अपील करायला लागणारी साधने दिली पाहिजेत, आणि त्याला वकील परवडत नसेल तर सरकारच्या खर्चाने द्यायला हवा. या आदेशाला आधार होता अनुच्छेद 21चा, आणि सोबत अनुच्छेद 39-अचा, जो आणीबाणीतल्याच बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात आला होता. ज्या दुरुस्तीने बाकी बरेच काही मोडले, तिच्यातले हे एक कलम कैद्याच्या उपयोगी पडले. इतिहासात अशा उपकारांचीही नोंद घ्यावी लागते.

त्याच महिन्याच्या शेवटी, दिल्लीच्या तिहार तुरुंगातले कैदी सुनील बात्रा यांच्या खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी एकांतकोठडी आणि दंडाबेड्यांच्या प्रश्नावर निकाल दिला. 1979 मध्ये त्याच बात्रांनी तिहारमधून न्यायालयाला पत्र लिहून कळवले की एका वॉर्डरने पैशांसाठी दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला आहे. त्या पत्राची याचिका झाली. आता स्वतःसाठी लिहिण्याचीही गरज उरली नव्हती; एका कैद्याचा कागद दुसऱ्या कैद्याच्या जखमेबद्दल बोलू लागला. मुंबईत पत्रकार शीला बारसे यांनी मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. पंधरापैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात पाठवून खातरजमा करवली, आणि फेब्रुवारी 1983 मध्ये न्या. भगवती यांनी निर्देश दिले. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी असावी आणि तिथे स्त्री पोलीस असावेत, हा त्यांतला एक निर्देश. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क सांगणारे पत्रक राज्य सरकारने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत लावावे, आणि माणसाला ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे. संझगिरींचा कागद आतून बाहेर गेला होता. इथे संविधानाचा कागद बाहेरून आत, थेट कोठडीच्या भिंतीवर आला. आणि तो वाचता न येणाऱ्यासाठी वाचून दाखवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली गेली.

या सगळ्यावर सामान्य वाचकाचा आक्षेप वेगळा असतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो. ज्याने कोणाचा खून केला, बलात्कार केला, त्याच्या पत्रांची आणि वकिलांची एवढी काळजी कशाला? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हक्कांचे काय? पीडिताच्या दुःखाला कमी लेखून याला उत्तर देता येणार नाही. उत्तर आकड्यांपासून सुरू करावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसे होती, त्यांतली सुमारे 4 लाख 34 हजार, म्हणजे चारांतली तीन, कच्चे कैदी होती. ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही अशी ही माणसे. आणि ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला आहे त्यांना न्यायालयाने सुनावलेली शिक्षा म्हणजे ठरावीक काळ बाहेर न जाणे आणि काहींच्या बाबतीत श्रम करणे. पत्र अडवणे, निकालाची प्रत दाबून ठेवणे, साखळदंड घालून झोपवणे या शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने दिलेल्या नसतात. त्या तुरुंगाने स्वतःच्या अखत्यारीत वाढवलेल्या असतात. पीडिताला न्याय हवा असतो तो न्यायालयाकडून. वॉर्डरच्या मर्जीने चालणाऱ्या छळाला त्या न्यायात जागा नाही. सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे. तुरुंगातून जाणाऱ्या कागदातून कट शिजू शकतात, साक्षीदारांना धमक्या जाऊ शकतात, म्हणून पत्रे तपासली जावीत यात गैर काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही संझगिरींचे पुस्तक न पाहता सोडले नव्हते; विषयसूची वाचून, त्यात काय आहे हे ठरवून निर्णय दिला होता. नियम असावा, कारण लिहिलेले असावे, आणि ते कारण न्यायालयात तपासता यावे. एवढी अट पाळली की सुरक्षा आणि हक्क एकत्र नांदू शकतात.

मध्य प्रदेशातल्या इंदूरसारख्या शहरातून पाहताना हे सगळे दूरच्या दिल्लीचे वाटू शकते, पण तसे नाही. अहिल्याबाईंनी बांधलेले गणपतीचे देऊळ आणि नाहरशाह वलींचा दर्गा इंदूरच्या ज्या खजराना भागात आहेत, तिथल्या लोकांचे पूर्वज होळकरांची प्रजा होते. संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात आणि 1956 मध्ये मध्य प्रदेशात सामील झाले. राजाच्या प्रजेला राजाविरुद्ध मूलभूत हक्क मागण्याची सोय नव्हती. 26 जानेवारी 1950 नंतर खजराना ठाण्याच्या कोठडीत बसणाऱ्या माणसालाही अनुच्छेद 21 आणि 22 लागू झाले, जसे मुंबईच्या संझगिरींना. या शहराने त्या हक्काची कसोटी अगदी अलीकडे पाहिली. 1 जानेवारी 2021 रोजी विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी यांना इंदुरात अटक झाली. 28 जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. शुक्रवारी, 5 फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. भूषण गवई यांनी अंतरिम जामीन दिला. आरोप मोघम आहेत आणि अटकेपूर्वी पाळायची पद्धत पाळली गेली नसल्याचे दाखवले गेले आहे, असे आदेशात नोंदवले, आणि फारुकींविरुद्धच्या प्रयागराजच्या न्यायालयाच्या वॉरंटलाही स्थगिती दिली. तरीही इंदूरच्या मध्यवर्ती तुरुंगाने त्याच वॉरंटचे कारण पुढे केले, आणि सुटका दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा झाली. कलाकाराच्या विनोदांबद्दल कोणाचे काहीही मत असो, इथला प्रश्न तो नव्हता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सोडा’ म्हटल्यानंतरही तो शब्द फाटकापर्यंत पोचायला दुसऱ्या दिवसाची रात्र व्हावी लागते, हा प्रश्न होता. त्याच वर्षी आग्र्याच्या कैद्यांच्या सुटकेला झालेल्या विलंबाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थेट तुरुंगापर्यंत पोचवणारी ‘फास्टर’ ही व्यवस्था मार्च 2022 मध्ये सुरू झाली. होस्कोट खटल्यानंतर न्यायालयाच्या कागदाची तुरुंगापर्यंतची वाट दुरुस्त करायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

सगळ्यात अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. संझगिरी सुशिक्षित होते, लिमये खासदार होते, होस्कोट प्राध्यापक होते, फारुकींना दिल्लीत मोठे वकील मिळाले. लिहिता येणाऱ्याचा कागद बाहेर जातो. ज्याला लिहिताच येत नाही त्याचे काय? वाळूच्या ट्रकवर काम करणारा किंवा झाडू मारणारा माणूस आत गेला, तर संविधान त्याच्यापर्यंत कसे पोचणार? 3 ऑक्टोबर 2024चा एक निकाल या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर देतो. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 मध्ये भारतातल्या तुरुंगांत जातीनुसार कामे कशी वाटली जातात यावर वृत्तांत लिहिला आणि पुढे स्वतः याचिका केली. त्यातून समोर आले की अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये विशिष्ट जातींना साफसफाई आणि विशिष्ट जातींना स्वयंपाक देणाऱ्या तरतुदी संविधान लागू होऊन सत्तर वर्षे उलटली तरी तशाच होत्या. मध्य प्रदेशाच्या 1987च्या नियमावलीत संडासांची सफाई ‘मेहतरां’ना लावून दिलेली होती, आणि भटक्या जमातींच्या माणसांना जन्मानेच सराईत गुन्हेगार समजण्याचा ब्रिटिशकालीन दृष्टिकोनही वेगवेगळ्या राज्यांच्या नियमांत जिवंत होता. या अन्यायाबद्दल आतून कोणी पत्र लिहिले नव्हते, कारण ज्यांच्या हाती झाडू दिला जात होता त्यांच्या हाती पेन्सिल नव्हती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. राज्यांनी नियमावल्या तीन महिन्यांत दुरुस्त कराव्यात, कच्च्या आणि पक्क्या कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकावा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी व अभ्यागत मंडळांनी तुरुंगांत नियमित जाऊन हे होते आहे की नाही ते पाहावे, असे आदेश दिले. अर्धे उत्तर म्हणायचे कारण असे की, रकाना कागदावरून काढणे सोपे आहे, बराकीत कामाची वाटणी सकाळी कोण करतो ते पाहणे कठीण आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या माणसाला महिन्यातून एकदा नोंदवहीवर सही करून परतणे पुरणार नाही. त्याला संडासाजवळ उभे राहून विचारावे लागेल की आज झाडू कोणाच्या हातात आहे आणि तो त्याला कोणी दिला.